घरून काम करताना काय घालावं? खुर्चीत बसून निवडायचे कपडे

नवा कपडा घेताना आपण उभे असतो. आरशात पुढून पाहतो, वळून पाहतो, पोट जरा आत घेतो आणि ठरवून टाकतो. घरून काम करणाऱ्या माणसाचा दिवस मात्र बसून जातो, आणि समोरच्यांना त्याचं जे काही दिसतं ते छातीपासून वरचं, तेही कॅमेऱ्यातून. त्यामुळे आरशात छान दिसलेली पँट तासाभरात पोटाला काचायला लागते आणि हौसेनं घेतलेला बारीक रेघांचा शर्ट मीटिंगमध्ये वळवळताना दिसतो. दोन्ही अनुभव घेऊन झाल्यावर मी एक सवय लावून घेतली. कामाचा प्रत्येक कपडा खुर्चीत बसून आणि कॅमेरा सुरू करून तपासायचा. गेली काही वर्षं ती पाळतोय, आणि पुढचं सगळं त्यातूनच आलं आहे.

पहिली पायरी : आधी आपला आठवडा नोंदवा

खरेदीला निघण्याआधी एक आठवडा टेबलावर कागद ठेवा. दिवसाला किती मीटिंगा झाल्या, त्यात कॅमेरा कितींदा सुरू होता, समोर बाहेरची माणसं होती की रोजचे सहकारी, आणि मधेच किती वेळा उठावं लागलं, एवढं लिहा. माझ्या नोंदीत बाहेरच्या लोकांशी बोलायच्या मीटिंगा आठवड्याला तीनच निघाल्या. कपाटात त्यासाठी ठेवलेले कडक शर्ट मात्र अकरा होते, आणि रोज घालता येईल असा नीटनेटका कपडा एकही धड नव्हता. बहुतेकांच्या कपाटात हीच गत असते. एका टोकाला ऑफिसचे कपडे, दुसऱ्या टोकाला झोपायचे, आणि मधली जागा रिकामी. आपल्याला ती मधली जागा भरायची आहे.

याच आठवड्यात आपले वरिष्ठ आणि दोन-तीन जुने सहकारी मीटिंगला काय घालून बसतात तेही पाहून ठेवा. लेखी नियम असो वा नसो, प्रत्येक ठिकाणची एक रीत असते. रोज त्या रीतीला धरून राहावं. मुलाखत, सादरीकरण किंवा ग्राहकाशी पहिली भेट असेल तर तिच्यापेक्षा एक पायरी वर जावं.

‘घरातच आहे तर रात्रीच्या कपड्यांत बसलं म्हणून काय बिघडलं?’ असं बरेच जण विचारतात. यावर 2012 साली हायो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांचा दाखला नेहमी दिला जातो. पांढरा कोट ‘डॉक्टरचा’ म्हणून घालायला दिला तर लोकांचं लक्ष जास्त चांगलं राहिलं, तोच कोट ‘चित्रकाराचा’ म्हणून दिला तर तसं झालं नाही. मात्र 2019 मध्ये त्यांच्यातला एक प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा निकाल आला नाही, म्हणून मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही. माझं कारण साधं आहे. कपडे बदलले की काम सुरू झाल्याचं मला कळतं, आणि घरातल्यांनाही कळतं. ‘आता हाक मारू नका’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी पायरी : कंबर, बसलेली

सुरुवात खालच्या कपड्यापासून करा. दिसत नसला तरी दिवसभराचा त्रास किंवा आराम तिथेच ठरतो.

मोजायची टेप घ्या. उभं राहून कंबर मोजा, मग कामाच्या खुर्चीत नेहमीसारखं बसा आणि पुन्हा मोजा. श्वास रोखू नका, पोट आत घेऊ नका. माझ्या बाबतीत फरक चार सेंटिमीटरचा निघाला. जी पँट उभं असताना ‘अगदी बरोबर’ बसते, ती बसल्यावर या फरकाएवढी घट्ट होते आणि दिवसभर तशीच राहते. कामाच्या पँटचं माप बसलेल्या आकड्यावरून ठरवा.

ही गोष्ट नुसत्या सोयीची नाही. पँटच्या कमरेच्या घट्ट पट्ट्यानं पोटावर दाब येतो, आणि ज्यांना आम्लपित्त होऊन घशाशी येण्याचा त्रास आहे त्यांचा तो त्रास वाढू शकतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना वाहणारी एक नस जांघेजवळून, कमरेच्या हाडाला लागून खाली उतरते. घट्ट जीन्स किंवा पट्ट्यानं ती दाबली गेली की मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, कधी आग होते. मी दोन महिने हा बधिरपणा खुर्चीच्या माथी मारत होतो. मग जीन्स बदलली आणि तो हळूहळू गेला. तुमच्या मांडीला असं होत असेल तर आधी कमरेकडे पाहा, आणि कपडा सैल केल्यावरही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

कपडा घातल्यावर वीस मिनिटं बसून पाहा. कीबोर्डकडे झुका, जमिनीवर पडलेलं पेन उचला, पायावर पाय घ्या. पट्ट्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. झुकल्यावर मागची बाजू खाली घसरत असेल तर पट्टा कमरेवर पुरेसा वर येत नाहीये. तो प्रकार बसून काम करायला चांगला नाही, कितीही महाग असला तरी. शेवटी पट्टा खाली करून कातडीवर वळ उठला आहे का तेही बघा.

पट्ट्याचे तीन प्रकार सापडतात : पूर्ण इलॅस्टिकचा, नाडीचा, आणि पुढून सपाट असून फक्त मागच्या बाजूला इलॅस्टिक असलेला. माझं मत तिसऱ्याला. पुढून तो बटण आणि चेनच्या पँटसारखाच दिसतो, आणि बसल्यावर लागणारी जागा मागून देतो. पूर्ण इलॅस्टिक घ्यायचंच असेल तर ते रुंद घ्या. अरुंद इलॅस्टिक दोरीसारखं रुततं.

कापडात थोडा ताण देणारा धागा असावा. लेबलवर तो इलॅस्टेन, स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा या नावानं दिसतो. पँटच्या कापडात 2 ते 5 टक्के पुरतो. त्याहून फार जास्त असला की पँट अंगाला चिकटते आणि व्यायामाच्या कपड्यांसारखी दिसायला लागते. कापड ताणून सोडा. ते झटकन जागेवर आलं तर ठीक. सावकाश आलं किंवा तिथे फुगवटा राहिला, तर संध्याकाळपर्यंत गुडघ्यांवर पिशव्या तयार होणार हे नक्की.

मागचे खिसेही विसरू नका. जाड शिवण, धातूच्या टिकल्या, खिशावरची बटणं यांवर दिवसभर बसणं म्हणजे शिक्षाच. मांडीखाली येणारी शिवण सपाट आहे ना, ते हात फिरवून पाहा.

आणि ‘खालचं कोण बघतंय’ या भरवशावर कोणी राहू नये. चार्जर आणायला उठावं लागतं, दाराची बेल वाजते, मूल धावत येतं. गडद, साध्या रंगाची, पायांच्या टोकाशी नीट शिवलेली पँट असली की उठताना मनात काही येत नाही. तेवढी निश्चिंती मला फार मोलाची वाटते.

तिसरी पायरी : कापड हातात घेऊन पाहा

दिवसभर बसून राहिल्यावर पाठ आणि खुर्ची यांच्यामध्ये हवा खेळत नाही. म्हणून कापड ओल शोषतं की नाही, याला महत्त्व येतं. प्रमाणित हवामानात सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओल धरून ठेवतो, लिनन 12, व्हिस्कोस 13, लोकर 16. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पॉलिस्टरचा शर्ट पाठीला का चिकटतो ते यावरून लक्षात येईल. पण शुद्ध सुती शर्टाला सुरकुत्या पडतात, कारण उबेनं आणि दमटपणानं त्याच्या तंतूंमधले बंध सुटतात आणि दुमडलेल्या जागीच पुन्हा बसतात. लिननचं तर विचारूच नका.

मग यातून मार्ग? होजिअरी कापड, म्हणजे टी-शर्टसारखं फाशाफाशांचं विणलेलं. शर्टाच्या सरळ विणीत धागे आडवे-उभे ताठ बसलेले असतात. होजिअरीत धागा वळणं घेत जातो, त्यामुळे ते ताणलं जातं, सुरकुत्या कमी धरतं आणि हात वर केला तरी काखेत ओढत नाही. होजिअरी कापडात शिवलेला, पण कॉलर आणि बटणपट्टी असलेला शर्ट हा माझ्या मते घरून काम करणाऱ्यासाठी सर्वांत कामाचा कपडा आहे. अंगाला टी-शर्ट, डोळ्याला शर्ट. कापड इंटरलॉक विणीचं असेल तर आणखी चांगलं. ते दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असतं आणि कडेला वळत नाही.

कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असं सांगतात. 150 च्या खालचं होजिअरी कापड बहुधा आतलं दाखवतं आणि अंगाच्या प्रत्येक वळणाला चिकटतं. 180 ते 220 मधलं कापड स्वतःचा आकार धरून राहतं. आकडा लिहिलेला नसेल तर कापडाखाली हात धरून उजेडात पाहा. बोटं मोजता आली तर तो शर्ट ठेवून द्या.

मग कापडाचा कोपरा मुठीत घट्ट चुरगळून दहा-पंधरा सेकंद धरा आणि सोडा. राहिलेल्या सुरकुत्या म्हणजे तुमची दुपारची अवस्था. गोळे कुठे येतील याचाही अंदाज घ्या. घरून काम करणाऱ्याचा कपडा कोपराच्या खाली आणि पोटाजवळ झिजतो, कारण हात टेबलावर घासतात आणि पोट टेबलाच्या कडेला. सैल पिळाच्या, केसाळ धाग्यावर गोळे लवकर येतात. त्यात पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर ते गळूनही पडत नाहीत, कारण तो चिवट धागा त्यांना धरून ठेवतो.

चौथी पायरी : कॅमेऱ्याची नजर

एकदा महत्त्वाच्या सादरीकरणाला मी निळ्या-पांढऱ्या बारीक रेघांचा शर्ट घातला होता. इस्त्री कडक, कॉलर ताठ. दहा मिनिटांनी एका सहकारी बाईंनी खासगी संदेश पाठवला, ‘तुमचा शर्ट हलतोय, डोळे दुखताहेत.’ मी स्तब्ध बसलो होतो. पण पडद्यावर त्या रेघांमधून इंद्रधनुषी लाटा सरकत होत्या.

याला म्वारे म्हणतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंची जाळी असते. कापडावरची नक्षी त्या जाळीइतकीच बारीक झाली की दोन जाळ्या एकमेकींवर पडतात आणि तिसरीच नक्षी तयार होते. तुम्ही श्वास घेतलात तरी ती सरकते. म्हणून बारीक रेघा, बारीक चौकडी, हेरिंगबोन म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरक्या विणीचे कोट, अगदी ठिपकेही कॅमेऱ्यासाठी नकोत. नक्षी हवीच असेल तर मोठी घ्या.

रंगाचं गणित उजेडाशी जोडलेलं आहे. कॅमेरा समोरच्या चित्राचा सरासरी उजेड मोजून स्वतःला जुळवून घेतो. शर्ट पांढराशुभ्र असेल तर चित्र फार उजळ आहे असं त्याला वाटतं आणि तो सगळंच मंद करतो, त्यात चेहराही काळवंडतो. पूर्ण काळ्या कपड्यात उलटं होतं, चेहरा भगभगीत दिसतो आणि कापडाच्या चुण्या, शिवणी सगळ्या एका काळ्या डागात बुडून जातात. मधल्या छटा घ्या : निळा, गर्द हिरवा, राखाडी, वांगी, फिकट आकाशी. मागची भिंत आणि शर्ट एकाच रंगाचे नसावेत, नाहीतर नुसतं डोकं तरंगताना दिसतं.

भडक लाल रंग मी टाळतो. व्हिडिओ पाठवताना जागा वाचवण्यासाठी रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळ ठेवली जाते, आणि भडक लाल रंगाच्या कडा त्यामुळे फुटतात, बाहेर पसरल्यासारख्या दिसतात. शिवाय त्याची झाक हनुवटीवर पडते. मरून चालतो.

मागे हिरवा पडदा लावत असाल तर हिरवा कपडा चालणार नाही, तो पडद्यासोबत गायब होतो. पडद्याशिवाय नुसती आभासी पार्श्वभूमी वापरत असाल तर केसाळ लोकर, झिरझिरीत ओढणी, झालरी अशा गोष्टींच्या कडा सॉफ्टवेअरला नीट पकडता येत नाहीत आणि त्या मिनिटामिनिटाला कापल्या जातात.

छातीवर मजकूर असलेला टी-शर्ट तुम्हाला स्वतःच्या खिडकीत उलटा दिसतो, कारण बऱ्याच ॲपमध्ये आपली प्रतिमा आरशासारखी दाखवली जाते. समोरच्यांना तो सरळ आणि स्वच्छ वाचता येतो, हे लक्षात असू द्या.

आणि आवाज. मीटिंगमध्ये टाइप करताना धातूचं ब्रेसलेट किंवा घड्याळाचा पट्टा लॅपटॉपवर घासतो, आणि माइक तिथेच असतो. इअरफोनच्या वायरवरचा माइक कॉलरला घासला की समोरच्याला वादळ सुटल्यासारखं ऐकू येतं. नायलॉनच्या जॅकेटचा सुळसुळाटही तसाच जातो.

पाचवी पायरी : गळा, कॉलर, खांदे

पडद्याच्या चौकटीत कपड्याचा जो एक वितीचा भाग येतो, त्यात गळा आणि कॉलर हेच मुख्य. मऊ कापडाची कॉलर धुऊन धुऊन लोळते आणि तिची टोकं वर वळतात. कॉलरखाली वेगळी पट्टी असेल तर ती उभी राहते. टोकांना बटणं असलेली कॉलर तर दिवसभर जागची हलत नाही. कॉलर आवडत नसेल तर बंद गळा किंवा उभी पट्टीही नीटस दिसते.

फार रुंद गळ्याचं मात्र जपून. आरशात तो शोभतो, पण कॅमेऱ्याची चौकट खांद्याच्या जरा खाली कापली गेली की कापड दिसतच नाही आणि माणूस उघडा बसल्यासारखा वाटतो. खोल गळ्याचं तसंच, विशेषतः लॅपटॉप उंचावर ठेवून कॅमेरा वरून खाली पाहत असेल तेव्हा. खुर्चीत बसा, कीबोर्डकडे झुका आणि पडद्यावर काय दिसतं ते पाहा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यायला हवी. ती दंडावर उतरली की कपडा उसना आणल्यासारखा दिसतो.

सहावी पायरी : थर

1941 मध्ये गॅगी, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी कपड्यांची ऊब मोजण्यासाठी ‘क्लो’ हे एकक सुचवलं. 21 अंश सेल्सिअसच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला बरं वाटेल एवढे कपडे म्हणजे 1 क्लो. ‘स्वस्थ बसलेला’ हा त्यातला आपल्या कामाचा शब्द. बसलेलं शरीर फार कमी उष्णता तयार करतं, म्हणून सकाळी घर आवरताना पुरेसा वाटलेला शर्ट दुपारी टेबलाशी थंड वाटतो. जाड कपडा एकदम घालण्यापेक्षा पातळ कपड्यावर पुढून उघडता येणारा एक थर ठेवा. डोक्यावरून काढायचा स्वेटर मीटिंगच्या मधे काढता येत नाही, आणि काढला तरी केस विस्कटतात.

या थराचा दुसरा उपयोग म्हणजे अचानक आलेली मीटिंग. होजिअरी कापडाचा, अस्तर नसलेला ब्लेझर किंवा घट्ट विणीचं कार्डिगन खुर्चीच्या पाठीवर असलं की साध्या टी-शर्टचं रूप दहा सेकंदांत बदलतं. ब्लेझर घालून बसताना त्याची मागची बाजू खाली ओढून तिच्यावर बसा, म्हणजे खांदे वर चढत नाहीत.

सातवी पायरी : पाय

पावलं गार पडली की बाकी सगळं निरर्थक होतं. मोजे घाला, पण त्यांच्या काठाचं इलॅस्टिक पोटरीवर वळ उठवणारं नको. टाइल्सवर उभं राहून काम करत असाल तर जाड तळव्याची, फक्त घरात वापरायची चप्पल हवीच.

आठवी पायरी : किती घ्यायचे, आणि घेण्याआधीची चाचणी

माझा हिशेब : वरचे पाच, खालचे तीन, थर दोन. खालचे तिन्ही गडद आणि साधे, म्हणजे कुठल्याही वरच्या कपड्यासोबत जातात आणि सकाळी विचार करत उभं राहावं लागत नाही. एकाच वेळी सगळे घेऊ नका. एक आणा, धुवा, दोन आठवडे वापरा, मग तसेच दुसरे.

घरी आणल्यावर टॅग न काढता आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या उजेडात बसा आणि एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. बोला, हात हलवा, वरच्या फळीवरची वस्तू घ्या, उठा, वळा, पुन्हा बसा. मग तो व्हिडिओ दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा पाहा. शर्ट वर चढून पोट उघडं पडतं का, बटणांच्या मधे फट दिसते का, रंग चेहऱ्याला काय करतो, हे सगळं त्यात येतं. संध्याकाळच्या दिव्यात पुन्हा एकदा पाहा. पिवळ्या उजेडात राखाडी रंग कधी कधी अगदी मळका दिसतो.

नववी पायरी : टिकवणं

कपडे उलटे करून थंड पाण्यात धुवा, त्यानं रंग टिकतो आणि गोळे कमी येतात. सुती होजिअरी पहिल्या काही धुण्यांत आटते, म्हणून लांबीला अगदी नेमकं माप घेऊ नका. ती हँगरवर ओली टांगली तर खांद्यावर टोकं येतात आणि अंग लांबतं, तेव्हा आडवी पसरून वाळवा.

इलॅस्टेनचा धागा 1958 साली ड्यूपाँट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. तेव्हापासून आजपर्यंत त्याचे दोन शत्रू कायम आहेत : उष्णता आणि क्लोरीनचं ब्लीच. कडक गरम ड्रायर आणि तापलेली इस्त्री यांनी तो ठिसूळ होतो, आणि मग पँट ढिली पडली ती पडलीच. इस्त्री करायचीच तर मध्यम आचेवर, आणि वेळ नसेल तर निदान कॉलर आणि बटणपट्टीवर फिरवा. चौकटीत तेवढंच दिसतं.

संध्याकाळी लॅपटॉप मिटला की कपडे बदला. त्याच पँटवर सोफ्यात लोळलं तर गुडघे दुप्पट वेगानं फुगतात. जो कपडा धुवायला टाकायचा नाही, तो लगेच घडी करून कपाटात कोंबू नका, रात्रभर हवेशीर जागी टांगून ठेवा. होजिअरी असेल तर खुर्चीच्या रुंद पाठीवर पसरा.